केतुतची चटई

तगलबिंगिन वाडीत कुणाला हाक मारायची तर जरा विचार करूनच मारावी लागते. "वायान!" म्हणून ओरडलं की अर्धी वाडी मान वळवते, आणि "मादे!" म्हटलं की उरलेली अर्धी. पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. मुलगा असो की मुलगी, बालीत आईबापांना नावासाठी डोकं खाजवावं लागत नाही. पाचवं झालंच तर पुन्हा वायानपासून सुरुवात. घोळ होऊ नये म्हणून मागे आणखी एक नाव जोडतात, तेवढीच आईबापांची हौस. हल्ली पहिल्याला पुतू आणि दुसऱ्याला कादेक म्हणायची टूम निघाली आहे, पण ती जुन्याच भांड्याला केलेली कल्हई. पहिला तो पहिला, दुसरा तो दुसरा.

एके काळी चारही नावं वाडीत सारखीच ऐकू यायची. मग सरकारने सांगितलं, दोन मुलं पुरेत. सरकार अधूनमधून बऱ्याच गोष्टी सांगतं आणि लोक त्या ऐकून सोडून देतात. ही मात्र बालीच्या लोकांनी भलतीच मनावर घेतली. घरोघरी वायान झाला, मादे झाला आणि पाळणा माळ्यावर गेला. न्योमान विरळ झाले. आणि केतुत? बाई-बाप्या सगळे धरून वाडीत एकच केतुत उरला होता, तो म्हणजे आपला केतुत रिंदा.

रिंदा साठी ओलांडलेला, अंगाने बारका, रागाने मोठा. त्याला नावाचा फार अभिमान होता. केतुत म्हणजे घडाच्या शेंड्याला येणारं एवढंसं केळं, म्हणजे शेंडेफळच. "वायान होणं सोपं आहे हो," तो म्हणायचा, "आधी कुणीच नसतं. केतुत व्हायला तीन माणसं आधी जन्माला घालावी लागतात!"

या अभिमानाला जागा होती ती मंडपातल्या चटईवर. देवळाची जत्रा दर सात महिन्यांनी येते. त्या दिवशी पहाटे पुरुषमंडळी मंडपात पंगतीसाठी लावार हा पदार्थ करायला बसतात. चार चटया अंथरलेल्या असतात. वायानांनी डुकराचं मांस सुऱ्याने बारीक तोडायचं, मादेंनी मसाला कुटायचा, न्योमानांनी नारळ भाजून खवायचा आणि शेंगा चिरायच्या, आणि हे सगळं मोठ्या परातीत घालून कालवायचं ते केतुतांनी. केतुतचा हात फिरल्याशिवाय लावार पंगतीत वाढला जात नाही. त्यातही एक नियम आहे. ज्याचा हात परातीत त्याने चव बघायची नाही. ती दुसऱ्या केतुतने बघायची आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचं. आपल्या हातचं ज्याला त्याला गोडच लागतं, हे पूर्वजांना चांगलं ठाऊक असणार.

रिंदा कालवायचा आणि त्याचा जुना दोस्त केतुत लेचिर चव बघायचा. दोघे भांडायचे, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करायचे, आणि लावार असा व्हायचा की शेजारच्या वाडीचे लोक काहीतरी निमित्त काढून जेवायला यायचे. मग लेचिर आपल्या मुलाकडे सुलावेसी बेटावर कायमचा राहायला गेला. तिकडून त्याचा फोन यायचा, "अरे, इथे आपल्या लोकांना पोरं भरपूर आहेत, गल्लीत पाच-सहा केतुत आहेत!" हे ऐकून रिंदा फोन बायकोच्या हातात द्यायचा.

लेचिर गेल्यापासून रिंदा एकटाच कालवत होता आणि एकटाच चव बघत होता. नियमाविरुद्ध होतं, पण कुणी बोललं नाही. आणि एका जत्रेनंतर वाडीचा कारभारी मादे सुतेजा बैठकीत घसा खाकरून उभा राहिला.

"रिंदादा, राग मानू नका," तो म्हणाला. "पण एका माणसाची चटई ही काही चटई नव्हे. पुढच्या जत्रेपर्यंत दुसरा केतुत मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर ती गुंडाळून ठेवू. कालवायचं काम मादे करतील. आमच्याकडे हात भरपूर आहेत."

"हात आहेत रे, पण नाव कुठे आहे?" रिंदा उसळला.

"मग आणा नाव," सुतेजा म्हणाला. त्यात खोच नव्हती, पण सगळे हसले आणि रिंदाला ते फार लागलं.

घरी येऊन त्याने बायकोपुढे भडास काढली. त्याची बायको नेंगाह अंगणात नारळाच्या पानांच्या पूजेच्या टोपल्या विणत होती. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

"केतुत कमी झाले म्हणून सरकारला शिव्या देताय," ती म्हणाली, "आणि दोन मुलांवर थांबलो म्हणून कचेरीतून प्लास्टिकची बादली बक्षीस मिळाली, ती डोक्यावर घालून वाडीभर मिरवलं कोण?"

"ती बादली चांगली होती," रिंदा पुटपुटला.

"होती ना? मग आता तिलाच बसवा चटईवर."

रिंदा कोंबड्यांना उगाच हुसकावत बसला.

त्याच सुमारास त्याच्या धाकट्या मुलाचं, कादेकचं लग्न ठरत होतं. मुलगी समुद्राकडची, एका कोळ्याची, हॉटेलात स्वागतकक्षात काम करणारी. नाव तिता. वर्षभर ती घरी येत-जात होती आणि वर्षभर रिंदा तिच्याशी "आलीस का?" आणि "निघालीस का?" याच्यापलीकडे बोलला नव्हता. तिची नखं रंगवलेली असायची आणि आलं कुठलं नि कुळिंजन कुठलं हे तिला ओळखता यायचं नाही. अशा मुलीशी बोलण्यासारखं काय असतं, असा रिंदाचा साधा हिशेब होता.

मागणी घालायला सगळे समुद्रकाठच्या त्या घरी गेले. ओसरीवर केळी, तांदूळ, विडे मांडले गेले. मुलीचा बाप घरच्यांची ओळख करून द्यायला लागला. "ही माझी थोरली, वायान. ही मादे. ही न्योमान." तिघीही मुलीच, आपापली पोरं कडेवर घेऊन उभ्या. रिंदा जांभई देत होता. ती जांभई अर्ध्यावर राहिली.

"आणि ही," मुलीचा बाप रीतीप्रमाणे, मुलींच्या नावाआधी लावतात त्या 'नी'सकट पूर्ण नाव घेत म्हणाला, "नी केतुत तितावती."

रिंदा एकदम गुडघ्यांवर उठला. "काय? काय म्हणालात?"

"नी केतुत तितावती."

"केतुत! अगं नेंगाह, केतुत!" त्याने बायकोचा दंड असा दाबला की ती कळवळली. मुलाचा बाप एवढा खूश झालेला त्या घराने कधी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, माणूस फारच प्रेमळ आहे. नेंगाहने कपाळाला हात लावला.

लग्न झालं आणि घरात नुसतं 'केतुत, केतुत' सुरू झालं. "केतुत, चहा घेतलास का?" "केतुतला तळलेलं केळं द्या आधी." "माझी केतुत दमली असेल." हॉटेलातून ती घरी यायची तेव्हा रिंदा फाटकाशी उभा. ज्याने वर्षभर तिला पाणी विचारलं नव्हतं, तो आता तिच्यासाठी शहाळं सोलून ठेवायचा. हळूहळू मुद्द्यावर आला. लावारच्या चटईचं सांगितलं. बाई बसते का, असं कुणी म्हणालं तर मी बघून घेईन, हेही सांगितलं. "तू फक्त चव बघायची. बाकी काही करायचं नाही. तुझं नावच पुरेसं आहे!"

तिताने हातातली बशी खाली ठेवली. तशी शांत मुलगी, हॉटेलात रोज चिडलेल्या पाहुण्यांना हसून तोंड देणारी. पण आता तिचा चेहरा लाल झाला.

"बापा, वर्षभर मी या घरात येत होते. तुम्ही मला काय विचारलंत? आलीस का, निघालीस का. आणि आता केतुत, केतुत! सून कोण आलीय तुमच्या घरी, मी की माझं नाव?"

कादेक मध्ये पडायला उठला, पण त्याच्या आईने त्याला खूण करून बसवलं. "बोलू दे तिला," नेंगाह म्हणाली. "खरं बोलतेय."

दोन दिवस रिंदा मान खाली घालून वावरला. तो रागीट होता, पण खोटा नव्हता. आपण चुकलो हे त्याला पुरतं कळलं होतं, फक्त ते तोंडाने कसं म्हणायचं हे साठ वर्षांत तो शिकला नव्हता. शेवटी एका संध्याकाळी तिता अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असताना तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"तुला काय हाक मारलेली आवडेल?" त्याने विचारलं.

तिने वळून पाहिलं. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता.

"तिता," ती म्हणाली. थोडं थांबून तिनेच पुढे सांगितलं, "आमच्या बापाला मुलगा हवा होता. तीन मुलींनंतर मी झाले. आमच्या घरी केतुत म्हणजे 'हीसुद्धा मुलगीच'. बाप वाईट नाहीये हो. पण त्याने मला केतुत म्हणून हाक मारली की त्याच्यामागे एक सुस्कारा असतोच. शाळेत पोरं म्हणायची, शेंड्याचं केळं, ना विकायचं ना खायचं. कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशीच मी तिता म्हणून सांगितलं. बरं वाटलं मला."

रिंदा उलट्या ठेवलेल्या उखळावर बसला.

"आमच्याकडे केळीचा घड उतरवला," तो म्हणाला, "की आई तो बाजाराला न्यायच्या आधी शेंड्याचं केळं तोडून घ्यायची. बोटाएवढं असतं ते. ते मला द्यायची. म्हणायची, याला बाजारात कुणी विचारत नाही, म्हणून हे आपलं. थोरल्या भावांना मोठी केळी दिसायची, पण ती विकायची असायची. घरात राहायचं ते माझं." तो जरा थांबला. "मला वाटायचं, सगळ्याच केतुतांना असंच वाटत असेल. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

तिता हातातला टॉवेल उगाच पुन्हा पुन्हा घडी करत राहिली. सासऱ्याने सुनेची अशी माफी मागितलेली तिने कधी ऐकली नव्हती.

"चटईचं माझं मी बघतो, तिता," रिंदा म्हणाला आणि उठला.

आणि त्याने खरंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो सुतेजाकडे गेला आणि म्हणाला, "या जत्रेला शेवटचा बसतो. मग गुंडाळा." सुतेजा चक्रावला. म्हातारा भांडेल, हातपाय आपटेल, अशी तयारी करून तो इतके महिने बसला होता. असा मुकाट्याने आलेला रिंदा बघून त्यालाच कसंतरी झालं. "सूनबाई केतुत आहेत असं ऐकलं होतं," तो चाचरत म्हणाला.

"ती तिता आहे," रिंदा म्हणाला आणि निघाला. घरी त्याने यातलं अक्षरही काढलं नाही. पण वाडीत गोष्ट लपते थोडीच!

जत्रेच्या पहाटे मंडप गजबजला. डुक्कर आधीच कापून झालं होतं. फळ्यांवर सुऱ्यांचा खटखटाट चालू होता, लसूण आणि हळदीचा वास अंगात भिनत होता. पलीकडे बायकांची पूजेच्या ताटांची गडबड. पोरं मध्येच येऊन भाजलेल्या नारळाचे तुकडे पळवत होती. वायानांच्या चटईवर दाटी, मादेंच्या चटईवर त्याहून दाटी, न्योमान आटोपशीर, आणि कडेच्या चटईवर रिंदा एकटा, नवा पांढरा फेटा बांधून, समोर परात घेऊन बसलेला. आज शेवटचंच, तर नीट बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. मधूनच तो शेजारच्या न्योमानांवर खेकसत होता. "अरे खोबरं आहे की लाकडाचा भुसा? बारीक खवा की जरा!"

मांस आलं, मसाला आला, खोबरं आणि शेंगा आल्या. रिंदाने हात धुतले आणि परातीत घातले. इतक्यात मंडपातला गलका एकेक चटई करत थांबला.

तिता मंडपाच्या पायरीवर उभी होती. कमरेला शेला बांधलेला, केस मागे घट्ट आवळलेले, नखं मुळापर्यंत कापलेली. ती सरळ चालत आली आणि कडेच्या चटईपाशी थांबली. चटईवर बसताना प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, अशी रीत आहे. तिने ती कुणाकडून तरी विचारून घेतली असावी.

"मी केतुत तितावती," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मांडी घालून बसली.

रिंदाचे हात परातीतच राहिले. "अगं, तुला कुणी सांगितलं यायला?" तो कुजबुजला. "मी सुतेजाला सांगून मोकळा झालोय."

"तेच कळलं मला," तीही तशीच कुजबुजली, पण तिच्या कुजबुजण्याला धार होती. "हे नाव ठेवताना मला कुणी विचारलं नाही. आता काढून घेतानाही मला विचारायचं नाही? माझं नाव आहे बापा. टाकायचं की ठेवायचं ते मी बघेन. कालवा तुम्ही."

वायानांच्या चटईवरून म्हातारा वायान राकेत हातातला सुरा उगारून म्हणाला, "अरे पण, लावारच्या चटईवर बाईमाणूस? सुतेजा, हे काय चाललंय?"

सुतेजा काही बोलायच्या आत पलीकडून नेंगाहचा आवाज आला. ती डोक्यावरच्या फळांच्या ताटासकट मंडपाच्या कठड्याशी येऊन उभी राहिली होती.

"का हो राकेतदादा, तुमच्या घरी थोरली कोण? वायान सारी, मुलगीच ना? तिच्यामागून आला म्हणून तुमचा पोरगा मादे झाला. मोजताना मुलगी चालते, आणि बसताना तेवढी चालत नाही होय?"

मादेंच्या चटईवर राकेतचा मुलगा बसला होता. त्याने मान खाली घालून मसाला कुटायला सुरुवात केली, आता तो कुटण्याची काही गरज नव्हती तरी. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा हसला. सुतेजाने सगळीकडे एक नजर फिरवली आणि खांदे उडवले.

"आपला नियम केतुत म्हणतो," तो म्हणाला. "बाप्या म्हणत नाही. चटईवर दोन केतुत आहेत. कालवा, रिंदादा. उन्हं वर आली."

रिंदा कालवायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात परातीत असल्याने ते पुसता येत नव्हतं. आता त्याला कुणाची लाज वाटेना. दोन्ही हातांनी तो खालून वर, कडेने मध्ये असा लावार कालवत राहिला. मग त्याने केळीच्या पानाच्या तुकड्यावर चिमूटभर काढून सुनेपुढे धरलं.

सगळा मंडप बघत होता. तिताने घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे.

"खरं सांगू?" तिने विचारलं.

"त्यासाठीच बसलीस ना?"

"खारट झालंय, बापा. बरंच खारट."

लेचिर सोडला तर केतुत रिंदाच्या हाताला वाडीत आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. त्याने भुवया चढवून सुतेजाकडे पाहिलं. सुतेजाला एकाएकी छताची कौलं बघावीशी वाटली. राकेतकडे पाहिलं, तर तो सुऱ्याला धार लावत होता.

"सुतेजा," रिंदा म्हणाला, "आजच खारट झालंय का?"

"आता... आज म्हणजे..." सुतेजाने कान खाजवला. "लेचिरदादा गेल्यापासून."

"लेचिर गेल्यापासून! आणि एकाही पठ्ठ्याने तोंड उघडलं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार, रिंदादा?" न्योमानांच्या चटईवरून एक जण काकुळतीने म्हणाला. "आम्ही घरी जाऊन तांबेच्या तांबे पाणी प्यायचो."

क्षणभर रिंदाचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. आता परात उपडी होते की काय, असं सगळ्यांना वाटलं. आणि मग तो हसला. असा हसला की फेटा सुटून मानेवर आला, पोट धरायला हात उचलला तर सदऱ्याला मसाला लागला. त्याच्याबरोबर चारही चटया हसल्या, कठड्याशी उभ्या असलेल्या बायका हसल्या, आणि नेंगाहला डोक्यावरचं ताट उतरवून खाली ठेवावं लागलं.

हसू ओसरल्यावर रिंदाने न्योमानांकडून खोबऱ्याची टोपली मागून घेतली, परातीशेजारी ठेवली आणि सुनेकडे वळला.

"बोल, केतुत," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "तिता. तिता म्हणायचं होतं."

"या चटईवर केतुतच म्हणा," ती म्हणाली. "घरी तिता."

"बरं. खोबरं किती घालू?"

"घालत राहा. थांबा म्हटलं की थांबायचं."

रिंदाने मूठभर खोबरं घातलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने आणखी एक मूठ घातली.